भाव कुणी पुकारला?

दापोलीत एसटी स्टँडजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरच्या काचेखाली स्केचपेनने लिहिलेलं दरपत्रक: झेरॉक्स २ रुपये, प्रिंट १०, कलर २०, ऑनलाइन फॉर्म ५०. सप्टेंबरातला शनिवार, बाहेर पाऊस असा की समोरचा वडापाववाला दिसत नव्हता, फक्त तळणाचा वास येत होता. आतल्या एकुलत्या कॉम्प्युटरसमोर कॉलेजच्या तीन मुली साडेअकरापासून ठाण मांडून बसलेल्या. गावात रेंज धड नाही, म्हणून इथे. नवी मुंबईतल्या एका मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं बाराला खुली होणार होती. बाराच्या ठोक्याला पडद्यावर आकडा आला, तुमच्या पुढे ४१,३१२ जण. मग तो आकडा उतरत गेला. मध्ये वीज गेली, इन्व्हर्टर चालू झाला, एकीने देवाचं नाव घेतलं. पाऊण तासाने दार उघडलं. त्यांनी हेरून ठेवलेला स्टेडियममधला स्टँड ४,५०० रुपयांचा होता. तिघींचे मिळून १३,५००, वरच्या खर्चाला धरून पंधरा हजारांची जमवाजमव केलेली. पण दार उघडलं तेव्हा त्याच स्टँडपुढे ५,५०० लिहिलेलं होतं. बाजूला बारीक अक्षरात, फेज २. दुकानवाले काका चष्मा वर करून बघत होते. म्हणाले, "अगं, रांगेत शिरलात बाराला, नि भाव लावला पाऊणचा?" त्यातली एक रडवेली होऊन म्हणाली, "काका, मासळीसारखं झालं हे."

"मासळीचा भाव निदान पुकारतात तरी," काका म्हणाले आणि झेरॉक्सकडे वळले.

हे वाक्य सहज बोललेलं होतं, पण ते डोक्यात राहिलं. दापोलीहून हर्णै फार लांब नाही. दुपार कलली की तिथे बंदरावर लिलाव भरतो. मोठ्या बोटी आत उभ्या असतात, माल छोट्या होड्यांतून किनाऱ्याला येतो, उथळ पाण्यात बैलगाड्या उतरतात, आणि ओल्या वाळूवर ढीग पडतात. सुरमई वेगळी, पापलेट वेगळं, कोळंबी टोपल्यांत, बांगडा क्रेटमध्ये. ढिगाभोवती कडं पडतं. पुकारणारा मधोमध. तो आकडा म्हणतो, कुणीतरी मान हलवतं, आकडा चढतो, पुन्हा तोच आकडा दोनदा-तीनदा घोळवला जातो, आणि मग तुटतो. हे सगळं अर्ध्या मिनिटात. नवख्याला काही कळत नाही, पण कड्यातल्या प्रत्येकाला कळतं: माल किती आहे, कुठल्या बोटीचा आहे, समोर हॉटेलवाला उभा आहे की टोपली घेऊन गावोगाव फिरणारी कोळीण, आणि भाव कुणाच्या मानेने चढला. शेजारच्या ढिगाला भाव कमी तुटला तर तेही कानावर येतं. एक जून ते एकतीस जुलैची बंदी उठून बोटी नुकत्याच जाऊ लागल्या असतील, पहिल्या फेऱ्यांना माल कमी असेल, तर चढ्या भावाबद्दल कुणी ओरडत नाही. आणि अंधार पडत आला, बर्फ संपला, तीन बोटी एकदम लागल्या, की तोच भाव घसरतो. घसरताना पुकारणाऱ्याचा आवाज बदलतो, बाकी काही बदलत नाही.

तेव्हा भाव दर तासाला बदलतो म्हणून कोकणातला माणूस दचकेल, असं नाही. त्याची सबंध बाजारपेठच तशी आहे. जानेवारीत वाशीला पोचलेली हापूसची पहिली पेटी आणि मे अखेरची पेटी यांच्या भावात जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि पहिली पेटी घेणारा पैसे कशाचे मोजतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. घाईचे. तिकिटांत हे उलटं फिरतं. तिथे पहिला येणारा स्वस्तात जातो, उशिरा येणारा महागात. तेही समजून घेता येईल. पण बाराच्या आधी येऊन बसलेली पोरगी उशिरा आली असं कुठल्या हिशेबाने म्हणायचं?

तिकीट महागण्याचे प्रकार तीन आहेत आणि बोलताना आपण त्यांची भेळ करतो. पहिला टप्प्यांचा. आयोजक आधीच ठरवून ठेवतो की या स्टँडच्या इतक्या जागा या भावाला, त्या संपल्या की पुढच्या इतक्या त्याहून वरच्या भावाला. अर्ली बर्ड, फेज १, फेज २, ही त्याची नावं. आपल्याकडे सर्रास हाच प्रकार चालतो. दुसरा खरा चढउताराचा: मागणी बघून न विकलेल्या जागांचा भाव विक्री चालू असतानाच बदलायचा. विमानाच्या तिकिटांत हे १९८० च्या दशकापासून मुरलेलं आहे. तिसरा पुनर्विक्रीचा, म्हणजे शुद्ध मराठीत ब्लॅक. २२ सप्टेंबर २०२४ ला, रविवारी दुपारी बाराला, कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमाची तिकिटं खुली झाली तेव्हा छापील भाव अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते, एका माणसाला चारच तिकिटं होती. साइट कोलमडली, लोक बाहेर फेकले गेले, आणि थोड्याच वेळात पुनर्विक्रीच्या साइटवर त्याच तिकिटांना लाखांतले भाव लागले. पुढे पोलिस तक्रार, चौकशी, उच्च न्यायालयात याचिका, सगळं झालं. पण ते चढत्या भावाचं प्रकरण नव्हतं. छापील भाव जागच्या जागीच होता.

आणि चढत्या भावाची बाजू मांडणारे नेमकं तेच उदाहरण देतात. लोक पन्नास हजार द्यायला तयारच आहेत, तर मधला पैसा ब्लॅकवाल्याच्या खिशात का जावा, गाणाऱ्याच्या का नको? हा मुद्दा खोटा नाही. कार्यक्रमाची जागा ही मासळीइतकीच नाशवंत. रात्री दहाला कार्यक्रम संपला की रिकामी खुर्ची कवडीमोल. मग मासळीचा नियम खुर्चीला लावला तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते उतारावर. मासळी उतरते. तिकिटाचा जाहीर भाव खाली आलेला क्वचितच कुणी बघितला असेल. जागा खपत नाहीत असं दिसलं की फुकट पास वाटले जातात, कॉलेजांना कुपनं जातात, एकावर एक फुकटच्या जाहिराती लागतात, पण पहिल्या दिवशी साडेपाच हजार भरलेल्याच्या डोळ्यांसमोर त्या खुर्चीचा आकडा साडेतीन हजार होत नाही. वर जायला जिना आहे, खाली यायला मागचा दरवाजा.

रेल्वेचं घ्या. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो, शताब्दीला फ्लेक्सी भाडं लागलं. त्यावर लोक चिडले, अजूनही चिडतात. पण तिथली पायरी लिहिलेली आहे: पहिल्या दहा टक्के जागा मूळ भाड्यात, पुढच्या प्रत्येक दहा टक्क्यांना मूळ भाड्याच्या दहा टक्के जास्त, आणि कुलूप आधी दीडपटीला, २०१९ पासून १.४ पटीला. मूळ भाडं हजार असेल तर हजार, अकराशे, बाराशे, तेराशे, आणि मग शेवटपर्यंत चौदाशे. शाळेतलं पोर पाटीवर मांडून दाखवील. खाजगी बसलाही एप्रिल २०१८ पासून एसटीच्या भाड्याच्या दीडपटीची मर्यादा आहे. ती गणपतीत कितपत पाळली जाते हा चाकरमान्यांना विचारायचा प्रश्न आहे, त्यांची उत्तरं इथे छापण्यासारखी नसतात. पण मर्यादा आहे, ती सांगून भांडता येतं. कार्यक्रमाच्या तिकिटाला असं कुलूपच नाही. फेज १ मध्ये किती जागा होत्या? दोनशे की दोन हजार? संपल्या कधी, बारा वाजून दोन मिनिटांनी की साडेबाराला? पडद्यावर यातलं काहीच नसतं. माल किती आहे हे न सांगता लावलेली बोली.

हापूसचे बागायतदार ही गोष्ट फार जुन्या काळापासून ओळखतात. वाशीच्या बाजारात रुमालाखालचा सौदा चालायचा. व्यापारी आणि दलाल हातावर रुमाल टाकत, खाली बोटं दाबून आकडा ठरत असे, आणि ज्याने वर्षभर कलमं राखली तो शेजारी उभा राहून फक्त रुमालाची हालचाल बघत असे. उघडा लिलाव करा, ही त्याची मागणी कधी संपली नाही. भाव कमी मिळाला हे दुखणं होतंच, पण खरं दुखणं तो कसा ठरला हे न कळण्याचं.

३१ ऑगस्ट २०२४ ला ब्रिटनमध्ये ओएसिस या बँडच्या पुनर्मीलनाच्या कार्यक्रमांची विक्री झाली तेव्हा हाच रुमाल जगाला दिसला. दीडशे पौंडांच्या आसपासची उभ्याची तिकिटं बघून लोक सकाळी रांगेत लागले, तासन्‌तास थांबले, आणि आत पोचले तेव्हा तीच जागा साडेतीनशे पौंडांच्या वर गेलेली. सगळ्यांनी संगणकाच्या नावाने बोटं मोडली. तिथल्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली. निघालं ते असं: क्षणाक्षणाला भाव हलवणारं यंत्र वगैरे असल्याचा पुरावा सापडला नाही. उभ्याच्या तिकिटांचे दोनच भाव होते. स्वस्त आधी सोडले, ते संपल्यावर महाग सोडले. बसायच्या काही जागांना प्लॅटिनम नाव देऊन जवळजवळ अडीचपट भाव लावला होता, आणि त्या अडीचपटीत वेगळं काय मिळतं ते धड सांगितलं नव्हतं. थोडक्यात, राक्षस म्हणून ज्याला बघत होते तो दापोलीच्या पडद्यावरचा फेज २ निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिकीट कंपनीने नियामकाला हमी दिली ती मुख्यतः अशी: टप्प्यांचे भाव असतील तर चोवीस तास आधी सांगू, रांगेत उभ्या असलेल्यांना भावांची माहिती देऊ. म्हणजे भाव कमी करा असं कुणी म्हटलंच नाही.

पुकारा, इतकंच.

रांग ही चीज मुळात काय होती? नाट्यगृहाच्या खिडकीवर 'प्लॅन' उघडायचा. चिपळूणचं इंदिरा गांधी केंद्र असो, रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह असो, मालवणचं मामा वरेरकर असो, खिडकीत आसनांचा कागद पसरलेला, विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीची फुली. ओळींप्रमाणे दर ठरलेले आणि फळ्यावर खडूने लिहिलेले. सकाळी आठला येऊन उभा राहणारा पैशाऐवजी वेळ मोजत असे. मागच्यापेक्षा दोन तास जास्त उभा राहिलो, म्हणून मला तिसरी ओळ, त्याला बारावी. ज्याच्याकडे पैसा बेताचा आणि वेळ भरपूर, त्याला रांगेने पुढे बसवलं. नवा भाव रांगेचं हेच मोल काढून घेतो. बाराला एक्केचाळीस हजार माणसं दाराशी उभी आहेत हे दिसलं, की मागणी किती हे आयोजकाला कळलंच. तुमची गर्दी हेच भाव चढवायचं कारण. आपण थांबलो म्हणून आपल्यालाच महाग पडलं, असा हा विचित्र न्याय आहे. आणि तिथे ओरडायलाही कुणी नसतं, कारण पुढचा-मागचा दिसत नाही. खिडकीवर बाबूने भर रांगेत दर वाढवला असता तर त्याला घरी जाणं मुश्कील झालं असतं. सिनेमाच्या दाराशी 'दस का बीस' म्हणणारा ब्लॅकवाला घ्या, तो हरामखोर खराच, पण दिवे गेले की त्याचीही घासाघीस सुरू व्हायची. न खपलेलं तिकीट त्याच्याच खिशात कुजायचं.

आता त्या नेटच्या रांगेचे थोडे व्यवहार. बऱ्याच साइटवर खुलं होण्याआधी जे दाराशी असतात त्यांना नंबर चिठ्ठ्या टाकल्यासारखा मिळतो. नऊला बसलेला आणि अकरा अठ्ठावन्नला बसलेला एकाच हंड्यात. म्हणून सकाळपासून डोळे फोडण्यात अर्थ नाही, पण बारा वाजून एक मिनिटाने येणारा मात्र सगळ्यांच्या मागे. पान रिफ्रेश केलं तर जागा जाऊ शकते. एकच खातं दोन फोनवर उघडलं की एकातून हकालपट्टी होण्याचा संभव. आत पोचल्यावर जागा निवडली की ती काही मिनिटांपुरती तुमच्या नावाने अडकते, घड्याळ उलटं पळू लागतं. त्या वेळात पैसे गेले नाहीत तर जागा परत ढिगात. ढिगात परतलेली ती जागा फेज १ ची म्हणून परतते की फेज २ ची, हे कुठेही लिहिलेलं नसतं. आपल्याकडे घात होतो तो इथेच: डोंगराच्या आड बँकेचा ओटीपी चार मिनिटांनी येतो. कार्डाऐवजी यूपीआय ठेवावं, रोजची मर्यादा बहुधा लाखाची असते तेव्हा एका खात्यात पुरेसे पैसे आदल्या रात्री आणून ठेवावेत, आणि किती भावापर्यंत घ्यायचं तो आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा. हर्णैला बोली लावणारी बाई हा आकडा मनात घेऊनच येते. घड्याळ पळत असताना तो ठरवू नये.

आणि शेवटच्या पानावर येतं सोयीचं शुल्क. प्रत्येक तिकिटामागे वेगळं, त्यावर अठरा टक्के जीएसटी. हॉलवरच्या नाटकाचं किंवा भजनाचं पाचशेपर्यंतचं तिकीट करातून सुटतं, मोठ्या कार्यक्रमाचं सुटत नाही, पण तो कर बहुतेक आकड्यात धरलेला असतो. शुल्क मात्र सगळं भरून झाल्यावर उगवतं, तेव्हा घड्याळात दोन मिनिटं उरलेली असतात आणि कुणी मागे फिरत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या नियमावलीत फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. थेंबाथेंबाने भाव वाढवणं त्यात आहे, खोटी घाई लावणंही आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पहिल्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा, दोन्ही स्क्रीनशॉट ठेवावेत. तक्रार करायची तर दाखवायला दोनच चित्रं लागतात. अमेरिकेत २०२३ मध्ये द क्युअर या बँडने चढते भाव नकोत असं ठासून सांगितलं, वीस डॉलरपर्यंत खाली तिकिटं ठेवली, तर काही ठिकाणी शुल्कच तिकिटाहून जास्त झालं. बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ जाहीरपणे चिडला आणि तिकीट कंपनीला सगळ्यात स्वस्त तिकिटवाल्यांना दहा आणि इतरांना पाच डॉलर परत करावे लागले. गाणाऱ्याने मनावर घेतलं तर होतं, एवढं त्यातून दिसलं. बाकीचे गाणारे गप्प बसतात तेव्हा ते आठवतं.

दापोलीच्या पोरींचा हिशेब तिकिटापाशी थांबतही नाही. सकाळच्या एसटीने पनवेल, तिथून हार्बरने नेरूळ, हे सोपं. परतीला कार्यक्रम दहाला सुटणार, मध्यरात्रीनंतर पनवेलला येणारी कोकणकन्या पकडायची तर तिचं आरक्षण साठ दिवस आधी, म्हणजे तिकीट मिळेल की नाही ते कळायच्याही आधी काही वेळा काढावं लागतं. ती पहाटे खेडला टाकते, पुढे पहिल्या गाडीची वाट. शहरातल्याला हजार रुपये वाढले की हजारच वाढतात. इथे त्या हजाराने सगळी मोळी सुटते.

मजा अशी की माणसागणिक बदलणारा भाव याच किनाऱ्यावर शिमग्यात दर वर्षी दिसतो. खेळे अंगणात येतात. ढोलकी तापवतात, संकासुर पोरांच्या मागे धावतो, गोमू नाचते, आणि नाच संपला की घरचं माणूस ताटात काही ठेवतं. मुंबईचा मुलगा आलेला असेल तर पाचशेची नोट, एकट्या म्हातारीचं घर असेल तर एक्कावन्न रुपये आणि शेरभर तांदूळ. एका नाचाचे एका वाडीत दहा भाव. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घातलेलं साकडं, मात्र दोघांच्याही नावाने सारख्याच लांबीचं आणि 'होय म्हाराजा'ही तितक्याच जोराचं. चढता भाव म्हटला तर हाही आहेच, फक्त आकडा देणाऱ्याच्या हातात, आणि सगळ्या अंगणासमोर. अर्थात खेळ्यांच्या पोरांना त्यातून पोट भरता येत नाही, शिमगा संपला की तीच पोरं मुंबईची गाडी धरतात. तेव्हा त्याचंही फार गोडवे गायला नकोत.

दुकानात घड्याळ तीन मिनिटांवर आलं होतं. साडेपाच हजार त्रिक साडेसोळा हजार, वर शुल्क. एकीने घरी फोन लावला, लागला नाही. दुसरी म्हणाली दोघींनीच जा, तर तिसरी म्हणाली मग कुणीच नको. एक मिनिट बारा सेकंदांवर बोलणं थांबलं. शून्य झालं, पान आपोआप मागे गेलं, आणि वर तांबड्या पट्टीत आलं: थोड्याच जागा शिल्लक. पुन्हा रांगेत लागायचं तर पुढे अठ्ठावीस हजार जण होते. एकीने पहिल्या पानाचा, ४,५०० लिहिलेला फोटो फोनवर काढून ठेवला होता; तो तिने मैत्रिणींना दाखवला, मग काकांना दाखवला. तोवर पाऊस ओसरला होता आणि दारात कसल्याशा फॉर्मची मुदत संपत आलेली दहा-बारा माणसं छत्र्या मिटून उभी होती. मुलींनी पर्स काढून विचारलं, किती झाले.

काकांनी काचेखालच्या कागदावर बोट ठेवलं. "ऑनलाइन फॉर्म पन्नास. भरलाच नाहीत तर कसले घेऊ? चला, सरका, मागे लोक खोळंबलेत."